दोघांचा स्वयंपाक, आठवड्याचा बेत

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडं खुशाल आहोत. मुलांच्या परीक्षा तोंडावर आल्यात, ह्यांची पुन्हा सेकंड शिफ्ट लागली आहे. बाकीचं फोनवर कळतंच, म्हणून आज एकाच विषयावर लिहिते: तुम्हा दोघांचं जेवण. फोनवर विषय काढला की आई म्हणते, "आमचं काय गं, दोघांना कितीसं लागतं," आणि बोलणं तिथंच थांबतं. हे पत्र तेवढं दोघांनी एकत्र बसून वाचा.

येळवसेच्या, वेळा अमावास्येच्या सणाला आले तेव्हा सगळं डोळ्यानं पाहिलं. शेतात एवढ्या माणसांना पुरून उरेल इतकी भज्जी, आंबिल, उंडे, खीर. आई, तुझा हात अजून तसाच चालतो. दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले आणि दुपारी तुझ्या ताटात अर्धी भाकरी, ठेचा आणि उरलेली आंबिल. फ्रिजचा खालचा कप्पा उघडला तर मेथीच्या तीन जुड्या. वरची पिवळी पडलेली, आतल्या दोन चिकट झालेल्या, पिशवीच्या तळाला हिरवं पाणी साचलेलं. बाबा, तुम्ही बाजार करता तो अजून घरात आठ माणसं असल्यासारखा, आणि आई स्वयंपाक करते तो घरात कुणीच नसल्यासारखा. मला दोन्हीची काळजी वाटते.

आपला बाजार गुरुवारचा. तेव्हा आठवडा सोमवारपासून नको, गुरुवारपासून मोजा. जे लवकर नासतं ते आधी पोटात गेलं पाहिजे. गुरुवारी रात्री आणि शुक्रवारी पालेभाजी: मेथी, शेपू, चुका, नाहीतर आता थंडीत करडईची कोवळी भाजी. शनिवार-रविवारी वांगी, गवार, दोडका. सोमवारी-मंगळवारी पत्ताकोबी, बटाटे, काशीफळ, म्हणजे जे टिकतं ते. बुधवारी भाजीची टोपली रिकामी असली तरी हरकत नाही. त्या दिवशी मोडाची मटकी, डाळकांदा किंवा हुलग्याचे शेंगोळे. मटकी मंगळवारी सकाळी भिजत घातली आणि रात्री फडक्यात बांधली की बुधवारी दुपारपर्यंत मोड येतात. शेंगोळे बाबांना किती आवडतात हे मी सांगायला नको. ते घरात शेवटचे कधी झाले, तेवढं आठवून बघा.

पालेभाजीची एकच जुडी आणा, फार तर दोन. बाजार उठता उठता भाजीवाली उरलेल्या जुड्या स्वस्तात देते आणि बाबांना ते मोडवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण उकिरड्यावर गेलेली जुडी स्वस्तात पडली असं कसं म्हणायचं? आणलेली भाजी धुऊन ठेवू नका. मुळं कापा, पिवळी पानं काढा आणि कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे दोन-तीन दिवस चांगली राहते. कोथिंबिरीलाही तसंच. कांदे-बटाटे एकाच टोपलीत ठेवू नका, जवळ जवळ असले की लवकर खराब होतात.

आता आई, हे तुझ्यासाठी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब असा आहे की माणसाला वजनाच्या किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुझं वजन ५५ किलो, म्हणजे ४५ ग्रॅमच्या आसपास. तू दिवसभरात जे खातेस त्याची मी बेरीज केली: सकाळी चहा-टोस्ट, दुपारी एक भाकरी, रात्री एक भाकरी किंवा मूठभर भात आणि पातळ वरण. पंचवीसच्या वर जात नाही. वय वाढतं तसं दंडाचं, मांड्यांचं मांस झिजत जातं आणि अन्न कमी पडलं की ते आणखी लवकर झिजतं. पायरी चढताना तू दाराची चौकट धरतेस ते मी पाहिलंय. गुडघ्याचं दुखणं आहेच, पण नुसतं तेवढंच नसावं.

यासाठी बाहेरून काही विकत आणायला नको. एका मध्यम भाकरीत सहा ग्रॅम. तीस ग्रॅम डाळीच्या घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात, मूठभर शेंगदाण्यात सात, मोठ्या वाटीभर दह्यात सहा. तीन भाकरी, दोन वाट्या वरण, मूठभर शेंगदाणे आणि दही, एवढ्यात जमतं. ज्वारीत जे कमी असतं ते डाळीत असतं, म्हणून भाकरीसोबत वरण हवंच. लातूरच्या डाळ मिलांतून डाळ कुठं कुठं जाते, बोरसुरीच्या तूरडाळीला तर जीआय मानांकन मिळालं, आणि त्याच निलंगा तालुक्यात माझी आई वरणाचं पाणी पिऊन उठते. हे मला बघवत नाही.

किराण्याचा हिशेब मी केलाय. बाबा, वहीत उतरवून घ्या. दोघांना दोन्ही वेळचं वरण आणि कडधान्य धरून रोज १२० ग्रॅम डाळी-कडधान्यं, म्हणजे महिन्याला साडेतीन किलोच्या वर. त्यात तूर दोन किलो, मूगडाळ अर्धा किलो, बाकी मटकी, हरभरा, हुलगे. ज्वारी आठवड्याला अडीच-तीन किलोच दळून आणा. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते आणि मग आई कंटाळून भातच लावते. बाजरीचं पीठ तर त्याहून कमी दळा, त्यात तेल जास्त म्हणून ते लवकर कडू होतं. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दोघांना महिन्याला ३०० ग्रॅम, एक किलोचा पुडा तीन महिने गेला पाहिजे, आणि लोणचं, पापड, खारोड्या यांतलं मीठ त्यातच आलं. आपल्या घरात पुडा किती दिवस जातो ते या वेळी आणल्याची तारीख टाकून बघा. बाबांच्या बी.पी.च्या गोळीइतकंच हे महत्त्वाचं आहे.

बाबांच्या शुगरचं वेगळं. भाकरी चालते म्हणून चार खायच्या असं नाही, ज्वारीनंही साखर वाढतेच. दोन भाकरी, घट्ट वरण, भाजी भरपूर आणि सोबत काकडी किंवा मुळा. आणखी एक. तुमच्या गोळीत मेटफॉर्मिन आहे. ती बरीच वर्षं घेतली की काही जणांच्या अंगातलं बी-१२ कमी होतं, आणि गळ्यात माळ असलेल्या घरात ते दूध-दह्याशिवाय दुसरीकडून येत नाही. तळपायाला मुंग्या येतात असं तुम्ही येळवसेला म्हणालात. पुढच्या वेळी डॉक्टरांना हे सांगा आणि बी-१२ ची तपासणी करून घ्या.

दुधाचा हिशेब लिहिता त्याच कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत भाजीचं नाव लिहा. बाबा, अक्षर तुमचं हवं. म्हणजे "आज काय करू" हे रोज सकाळी आईच्या एकटीच्या डोक्यावर राहणार नाही. भाजी निवडणं, लसूण सोलणं, शेंगा फोडणं तुम्ही करा. आई, रात्रीचं उरलं तर ते तू एकटीनं सकाळी संपवायचं, ही रीत आता बंद कर. मोजून केलंस की उरणारच नाही. आणि बाबांच्या बरोबरीनं ताट वाढून घे. मागून एकटी बसतेस तेव्हा वरण संपलेलं असतं.

पुढच्या गुरुवारी बाजारातून आलात की काय काय आणलं ते फोनवर सांगा. मी पण माझ्या कॅलेंडरवर लिहून घेईन. शनिवारी दोडका केला का, हे शनिवारीच विचारेन.

तुमची लेक

ता. क. एकादशीला भगर लागणारच. तयार पीठ आणू नका. भगरीला बुरशी लवकर धरते आणि त्यातून विषबाधा होते. सुटी नको, बंद पुड्यातली अख्खी भगर, तारीख बघून, लागेल तेवढीच घ्या. निवडून, धुऊन मगच शिजवा आणि दुपारची रात्री खाऊ नका.