आवाज खरखरला की लगेच मदरबोर्ड?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लॅपटॉपचा आवाज खरखरायला लागला किंवा एकदम बारीक झाला की लोकं सरळ दुकान गाठतात आणि तिथे बरेचदा मशीन नीट न बघताच "साउंडचा आयसी गेलाय, मदरबोर्डचं काम आहे" (म्हणजे आवाजाची चिप गेली, लॅपटॉपच्या मुख्य बोर्डचं काम आहे) असं सांगितलं जातं. ह्याच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं म्हणून हे पत्र.

आमच्या शेजारच्या काकू ऑनलाइन गाण्याचा क्लास घेतात. लॅपटॉपवर तानपुरा लावायचा आणि व्हिडिओ कॉलवर मुलांना शिकवायचं. कॉल सुरू झाला की तानपुरा इतका बारीक व्हायचा की त्यांना स्वतःलाच सूर सापडेना, आणि कॉल बंद केला की परत ठणठणीत! दुकानदाराने साडेचार हजार सांगितले. खरं कारण काय, तर विंडोजमध्ये एक सेटिंग असतं की कॉल चालू आहे असं वाटलं की बाकीचे सगळे आवाज 80 टक्क्यांनी कमी करायचे, आणि ते आधीपासूनच चालू असतं. कंट्रोल पॅनलमध्ये साउंड उघडा, तिथे शेवटचा टॅब कम्युनिकेशन्स, त्यात 'डू नथिंग' निवडून ओके करा, झालं. एक पैसा लागला नाही. आता ही गोष्ट त्या दुकानदाराला माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही, आणि खरंच माहीत नसेल तर मग साडेचार हजार कशाचे मागितले?

खरखरीचं पण तसंच. सगळ्यात आधी साधा वायरवाला इअरफोन लावून बघा. त्यात आवाज स्वच्छ येत असेल तर स्पीकरकडे बघायचं, त्यातही तबल्याचा बायां किंवा पखवाज घुमला की तेवढ्यापुरतंच फरफर होत असेल तर बहुतेक स्पीकरचा पडदा फाटलाय नाहीतर स्क्रू ढिला झालाय, जाळीजवळ बोटाने हलकं दाबलं आणि आवाज बदलला तर समजायचं की दोष तिथेच आहे. तेव्हा नुसता स्पीकर बदलून भागतं, अख्खा बोर्ड कशाला.

पण इअरफोनमध्येही तीच खरखर असेल तर बऱ्याचदा भानगड सॉफ्टवेअरची असते. प्रोसेसरला दर काही मिलिसेकंदाला आवाजाचा पुढचा तुकडा पुरवावा लागतो, मध्येच वायफायच्या किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने (म्हणजे तो भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) त्याला अडकवून ठेवलं की तुकडा वेळेवर पोचत नाही आणि आपल्याला 'टक टक' ऐकू येतं. म्हणून थोडा वेळ वायफाय बंद करून बघा, पॉवर सेव्हर काढून बघा, साउंड सेटिंगमधलं ऑडिओ एन्हान्समेंट (आवाज 'सुधारून' देणारी सोय) बंद करा आणि ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरून घ्या, कुठल्या तरी 'ड्रायव्हर अपडेटर'च्या नादी लागू नका. चार्जर लावल्यावरच गुणगुण येते आणि काढला की थांबते, असं असेल तर चार्जर आणि घरातलं अर्थिंग तपासून घ्या, जुन्या वाड्यांमध्ये आणि चाळींमध्ये तीन पिनांचं सॉकेट दिसतं खरं पण अर्थिंगची वायर बरेचदा पुढे कुठेच जोडलेली नसते. आणि ब्लूटूथ हेडफोनचा आवाज फक्त कॉलमध्येच डबड्यातून आल्यासारखा येतो कारण माइक चालू झाला की बरेच हेडफोन हलक्या दर्जाच्या मोडवर जातात, तेव्हा माइक लॅपटॉपचा ठेवा म्हणजे हेडफोनवर परत चांगलं ऐकू येतं.

सगळेच दुरुस्तीवाले फसवतात असं मला म्हणायचं नाही, आयसी खरोखर जातात, पाणी सांडलं तर जाऊ शकतात. पण ज्यांची रोजीरोटी लॅपटॉपवर आहे, क्लास घेणाऱ्या बायका, घरून काम करणारी मुलं, त्यांना चार-पाच हजार म्हणजे थोडे नाहीत. दुकानदारांनी गिऱ्हाइकासमोर इअरफोन लावून दाखवावा आणि काय तपासलं, काय बिघडलंय हे पावतीवर लिहून द्यावं, एवढी तरी अपेक्षा आहे. आणि आपल्या पेपरात मोबाइलच्या नव्या मॉडेलची माहिती दर आठवड्याला येते तिथे कधीतरी अशा घरगुती तपासणीलाही अर्धा कॉलम द्या, स्क्रीनचे फोटो टाकून, म्हणजे वयस्कर माणसांनाही बघून बघून करता येईल.

आपली एक वाचक,
सांगली