विलीनीकरणात ट्रकमालकाची बाकी कुठे जाते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालवाहतुकीच्या दोन कंपन्या एक झाल्या की अर्थपानावर बातमी येते. एकत्रित ताफा किती, गोदामे किती, उलाढाल किती, सगळे असते. त्या ताफ्यातल्या कितीतरी गाड्या कंपनीच्या नसतात, माझ्यासारख्यांच्या असतात, एवढे मात्र राहून जाते. माझ्या दोन दहा टायरी गाड्या अकरा वर्षे कोल्हापुरातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीकडे अटॅच, म्हणजे कायमच्या भाड्याने लावलेल्या, आहेत. गेल्या वर्षी ती एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. तेव्हापासून जे भोगतो आहे ते लिहितो.

पूर्वी शिरोली एमआयडीसीत कास्टिंग (ओतीव सुटे भाग) भरले की बिल्टीबरोबर, म्हणजे माल भरल्याच्या पावतीबरोबर, शाखेतच भाड्याचा ॲडव्हान्स मिळायचा. पोहोच, म्हणजे माल मिळाल्याची सही केलेली प्रत, आणून दिली की पंधरा दिवसांत उरलेले भाडे, म्हणजे बाकी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले, गाड्या आहे तिथे अडकल्या. तेव्हा शाखेच्या साहेबांनी वर कुणाला न विचारता ड्रायव्हरांच्या जेवणाचे आणि डिझेलचे पैसे दिले. पोहोच उशिरा आली म्हणून एकाचेही भाडे कापले नाही. आजही शाखेत तेच साहेब बसतात, पण पाचशे रुपये मंजूर करायचा अधिकार त्यांना उरलेला नाही. वाराईची, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीची, पावती असो की भिजलेली पोहोच, पुण्याला मेल करायचा आणि वाट बघायची. त्यांचा चेहरा बघून मलाच वाईट वाटते.

खरा घोर आहे तो जुन्या बाकीचा. विलीनीकरणाआधीच्या सतरा फेऱ्यांचे पैसे अजून अडकलेले आहेत. त्या बिल्ट्यांवर जुने नाव, जुना जीएसटी क्रमांक. नव्या सिस्टीममध्ये त्या चढतच नाहीत, असे उत्तर मिळते. विलीन झालेल्या कंपनीचे देणे कायद्याने नव्या कंपनीवर येते. तेही नाही म्हणत नाहीत, फक्त तारीख सांगत नाहीत. गाडीचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो.

कामातही असाच गोंधळ झाला. कारखान्याने ई-वे बिलावर (मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन दाखला) ट्रान्सपोर्टरचा जुनाच क्रमांक टाकला, नव्या नावाने त्यातला गाडी नंबरचा पार्ट-बी भरता येईना, भरलेली गाडी दीड दिवस फाटकात उभी. दोन्ही कंपन्यांची इथे गोदामे होती, त्यातले एक बंद केले. बेळगाव इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, तरी तिकडचा पार्ट लोड (पूर्ण गाडी न भरणारा माल) आता आधी पुण्याच्या हबला जातो आणि तिथून पुन्हा कोल्हापूरवरूनच खाली येतो. हे ठरवणाऱ्याने इथल्या एका तरी बुकिंग क्लार्कला विचारायला हवे होते.

एकत्र येण्याला माझा विरोध नाही. गुजरातला गुळाचे रवे उतरवल्यावर परतीचे भाडे लवकर मिळू लागले आहे, पूर्वी दोन-दोन दिवस तिथे बसावे लागायचे. डिझेल आणि टायरही मोठ्या कंपनीला स्वस्त पडतात. पण घडी बसेपर्यंत मोठ्यांचेही हाल होतात. डेल्हिव्हरी या मोठ्या मालवाहतूक कंपनीने २०२१ मध्ये स्पॉटऑन ही दुसरी मालवाहतूक कंपनी विकत घेतली आणि २०२२ मध्ये दोन्ही जाळी जोडताना पार्ट ट्रकलोडचा माल घटल्याचे त्या कंपनीनेच सांगितले. त्यांच्यामागे भांडवल होते, ते सावरू शकतात. दोन गाड्यांच्या मालकाने तीन महिने कशावर काढायचे?

कायद्यातही आम्हाला जागा अपुरी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम २३० प्रमाणे अशी योजना राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे जाते. पण तिला हरकत घ्यायची तर किमान १० टक्के भागभांडवल किंवा एकूण थकीत देण्यांपैकी किमान ५ टक्के येणे हरकत घेणाऱ्याचे असावे लागते. माझे येणे काही लाखांचे. ते कोट्यवधींच्या देण्यात ५ टक्के कधी व्हायचे?

म्हणून लॉरी असोसिएशनला माझी कळकळीची विनंती आहे. 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणत वाराई मालधन्याने द्यावी यासाठी आपण एकत्र उभे राहिलो, तसेच यासाठीही राहू. कंपनी विलीन होणार असे कळताच अटॅच गाड्यांची बाकी कोणत्या तारखेपर्यंत मिटवणार, हे तिच्याकडून लेखी घ्यावे. जुन्या नावाच्या बिल्ट्या आणि पोहोच निदान सहा महिने चालाव्यात आणि ॲडव्हान्सचा अधिकार शाखेत राहावा. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यातच आहे. त्याचा आधार मिळावा म्हणून ट्रकमालकांची उद्यम नोंदणी (लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) असोसिएशनने शिबिर घेऊन करून द्यावी. माझी स्वतःची नोंदणी मी गेल्या महिन्यात केली. सतरा फेऱ्यांची भाडी अडकल्यावर केली, याची खंत आहे.

आपला,
एक ट्रकमालक, शिरोली पुलाची, जि. कोल्हापूर