‘डेथ मॅग्नेटिक’ : चाहत्यांचे कान बरोबर होते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या मेटल बँडचा नवा अल्बम आला आणि चाहते नाराज झाले, की वृत्तपत्रांत त्याची बातमी ठरलेल्या सुरात येते. जुन्या चाहत्यांना नवं पचत नाही, ‘पहिलं तेच चांगलं’ म्हणायची त्यांना सवय असते, आणि मेटल म्हणजे मुळात गोंगाटच, मग आवाजाची तक्रार कसली! या सुराला आक्षेप घेण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मेटालिका या अमेरिकन मेटल बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बमबद्दल २००८ मध्ये चाहत्यांनी केलेली तक्रार, की सीडीवरचा आवाज दाबून मोठा करताना फाटला आहे, आवडीनिवडीची नव्हती. ती मोजता येते आणि आजही घरच्या संगणकावर पडताळता येते. संगीतावर लिहिणाऱ्यांनी ती पडताळल्याशिवाय चाहत्यांना हेकेखोर ठरवू नये, एवढंच म्हणणं आहे.

हा अल्बम १२ सप्टेंबर २००८ ला आला. निर्माता रिक रुबिन, मिक्सिंग (वेगवेगळी वाद्यं जुळवून एक गाणं करणं) ग्रेग फिडलमन यांचं, मास्टरिंग (तयार गाण्यावरून शेवटचा हात फिरवणं) टेड जेन्सन यांचं. त्याआधीच्या ‘सेंट अँगर’मध्ये, म्हणजे २००३ मध्ये, गिटारचे सोलो नव्हते. स्नेअर ड्रमच्या खालच्या कातड्याला टेकणाऱ्या तारा सोडून ठेवल्यामुळे त्याचा ठोका रिकाम्या पिंपासारखा घणघणत होता. नव्या अल्बममध्ये सोलो परतले, सात-आठ मिनिटांच्या, वळणं घेत जाणाऱ्या रचना परतल्या, आणि रॉबर्ट ट्रुहियो यांचं बेसवादन पहिल्यांदाच बँडच्या स्टुडिओ अल्बममध्ये आलं. चाहते खूश होते. अमेरिकेत अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुन्हा मिक्स किंवा मास्टर करून द्या म्हणून ज्या हजारो लोकांनी ऑनलाइन निवेदनावर सह्या केल्या, त्यांचा राग गाण्यांवर नव्हता. गाणी आवडली होती आणि ती ऐकवत नव्हती.

का ऐकवत नव्हती, याचा पुरावा एका व्हिडिओ गेममधून मिळाला. ‘गिटार हिरो ३’ या गेमसाठी हीच गाणी अल्बमबरोबरच डाउनलोड म्हणून उपलब्ध झाली. या गेममध्ये खेळणाऱ्याची चूक झाली की फक्त गिटारचा आवाज बंद पडतो, बाकी वाद्यं चालू राहतात. त्यासाठी गिटार, बेस आणि बाकीचं संगीत वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये द्यावं लागतं. म्हणजे गेमकडे गेलेलं ध्वनिमुद्रण, सगळं एकत्र करून, दाबून मोठं करण्याच्या शेवटच्या पायरीआधीचं होतं. वादन तेच, गाणं तेच, पण गेममध्ये ड्रमचा ठोका ठोक्यासारखा लागत होता आणि सीडीवर त्याच जागी चरचर येत होती. चाहत्यांनी दोन्हींच्या ध्वनिलहरींचे आलेख शेजारी ठेवले. ब्रिटनमधले मास्टरिंग इंजिनिअर इयन शेफर्ड यांनी हा फरक मोजून मांडला : सीडी गेमपेक्षा सुमारे १० डेसिबलने मोठी होती.

दहा डेसिबल म्हणजे कानाला साधारण दुप्पट मोठा आवाज. पण सीडीवर ती जागा आणायची कुठून? सीडीत आवाज दर सेकंदाला ४४,१०० वेळा आकड्यात टिपलेला असतो आणि हा आकडा वर ३२,७६७ आणि खाली उणे ३२,७६८ यांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. हे छत पक्कं आहे. समजा, स्नेअरच्या एका ठोक्याचं टोक २०,००० वर आहे आणि आपण सगळं गाणं ६ डेसिबलने वाढवलं. सहा डेसिबल म्हणजे आकडा दुप्पट. टोक ४०,००० ला जायला हवं, पण ते ३२,७६७ वरच थांबतं. गिटारचा सलग चालणारा आवाज मात्र खालून वर येतो. ठोका जागेवर, बाकी सगळं त्याच्या उंचीला. टोकदार शिखराच्या जागी सपाट पठार उरतं, आणि त्या पठाराच्या कडांमधून मूळ वादनात नसलेले वरच्या पट्टीतले स्वर तयार होतात. आपल्याकडे मंडळाच्या स्पीकरला झेपणार नाही इतका ॲम्प्लिफायर वाढवला की ‘आवाज फाटतोय’ म्हणतात, तीच ही गोष्ट. फरक इतकाच की मांडवातला फाटलेला आवाज बटण मागे फिरवलं की सुधारतो. सीडीतला सुधारत नाही. कितीही हळू लावा, तो हळू आवाजात फाटलेलाच राहतो.

इथे नेहमी विचारलं जातं, की मेटलची गिटार फाटलेलीच असते, मग चाहत्यांना फरक कळला कसा? प्रश्न रास्त आहे. गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरमध्ये मुद्दाम चढवून जाड, खरखरीत केलेला असतो, पण तो फक्त गिटारचा. तो तिच्या वाटेवर होतो आणि त्यानंतर ती बाकी वाद्यांत मिसळते. ड्रम, झांजा, गाणाऱ्याचा गळा हे स्वच्छ राहतात, म्हणून गिटारचा खरखरीतपणा त्यांच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. संपूर्ण मिक्सच छताला आपटला की सगळी वाद्यं एकमेकांना फाडतात. बास ड्रमची लाथ पडते त्या क्षणी गिटारही तुटते, गाणाऱ्याचा शब्दही तुटतो, कारण त्या क्षणी तिघांची बेरीज छताबाहेर गेलेली असते. ‘द डे दॅट नेव्हर कम्स’च्या शेवटच्या भागात, जिथे दोन्ही पायांनी बास ड्रम वेगात वाजतो, तिथे हे सगळ्यांत स्पष्ट आहे. हेडफोनवर, अगदी बेताच्या आवाजात तो भाग ऐका. ठोक्यांच्या जागी छातीवर येणारा दणका नाही, कागद चुरगळल्यासारखी किरकिर आहे. त्याच गाण्याची सुरुवात स्वच्छ गिटारवर, हळुवार आहे. ती ऐकून लगेच शेवट ऐकला की कान आपोआप मागे हटतो. मेटल रोज ऐकणाऱ्याचा कान या दोन खरखरींतला भेद नेमका ओळखतो, कारण पहिली त्याला हवी असते.

सुरुवातीला चाहत्यांचा रोख मास्टरिंगवर होता, आणि यात त्यांची चूक झाली हे मान्य करायला हवं. जेन्सन यांनी एका चाहत्याला कळवलं की मिक्स त्यांच्याकडे आले तेव्हाच पूर्ण दाबलेले होते. मिक्सिंगमध्ये वेगवेगळे ट्रॅक एकत्र येतात. मास्टरिंगमध्ये तयार दोन ट्रॅक, डावा आणि उजवा, एवढेच हातात असतात. शिखरं तिथे येण्याआधीच छाटली असतील तर मास्टरिंगवाला ती परत आणू शकत नाही. म्हणून खरी गरज पुन्हा मिक्स करण्याचीच होती. ‘पुन्हा मास्टर करा’ एवढ्यावर भागलं नसतं. ड्रमर लार्स उल्रिक यांनी ध्वनीत काही गैर नसल्याची बाजू घेतली. बँडला तसाच आवाज हवा असेल, तो त्यांचा हक्क. पण गेममधल्या त्याच गाण्यांनी दाखवून दिलं की दुसरा, मोकळा आवाज त्यांच्याच ध्वनिमुद्रणात होता.

आता पडताळायचं कसं ते सांगतो, कारण यात बहुतेक जण एकाच जागी चुकतात. सीडी हवी, किंवा तिच्यावरून, आवाजातलं काहीही न गाळता घेतलेली वेव्ह वा फ्लॅक फाइल. एमपी३ किंवा यूट्यूबवरून उतरवलेली फाइल नको. फाइल लहान करण्यासाठी आवाजातलं काही गाळताना लाटांचा आकार बदलतो आणि सपाट टोकं पुन्हा वेडीवाकडी दिसू लागतात, म्हणजे आपण फाइल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरची करामत मोजत बसतो. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, फाइल उघडा. दुरून पाहिलं तर पूर्ण गाणं जाड पट्ट्यासारखं दिसेल. क्लिपिंग, म्हणजे शिखरं छाटली जाणं, दाखवण्याची सोय सुरू केली की छताला टेकलेल्या जागी लाल रेघा येतात. मात्र लाल रेघ नाही म्हणजे आवाज फाटलेला नाही, असं समजू नका. आधी छाटून नंतर किंचित खाली घेतलेल्या ध्वनीची पठारं छताच्या जराशी खाली असतात आणि सॉफ्टवेअर ती पकडत नाही. म्हणून एखाद्या ठोक्यापाशी जाऊन, एकेक ठिपका वेगळा दिसेपर्यंत आत शिरा. निरोगी ठोक्याला एकच उंच टोक असतं. छाटलेल्या ठोक्यात पाच, आठ, दहा ठिपके एका ओळीत मांडलेले दिसतात. दहा ठिपके म्हणजे सेकंदाचा साधारण चार हजारावा भाग. एखाद-दुसरं पठार कानाला जाणवतही नाही, प्रत्येक ठोक्यावर आलं की जाणवतं.

दोन आवृत्त्यांची तुलना करायची तर दोन्हींतला तोच तीस सेकंदांचा भाग निवडा, विश्लेषणाच्या यादीतल्या ‘कॉन्ट्रास्ट’ने दोघांची सरासरी पातळी काढा, आणि जी मोठी असेल ती दोघींतल्या फरकाइतक्या डेसिबलने कमी करा. खालची वर आणू नका, तसं केलंत तर तीही फाटेल. आणि ‘नॉर्मलाइझ’ वापरू नका! नेहमीची चूक ती हीच. त्याने दोघांची शिखरं सारखी होतात, सरासरी नाही. मग दाबलेली आवृत्ती मोठीच वाजते, आणि कान पहिल्या दहा सेकंदांत मोठ्या आवाजाला चांगला म्हणतो, कारण आवाज मोठा झाला की खर्ज आणि तार दोन्ही जास्त ऐकू येतात. पातळी सारखी केल्यावर मात्र दाबलेली आवृत्ती चपटी आणि दुरून आल्यासारखी वाटते.

एका आकड्याबद्दल सावध राहायला हवं. चाहते ‘डीआर’ नावाचं माप वापरतात. गाण्याचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करून, त्यातल्या सर्वांत मोठ्या २० टक्के तुकड्यांची सरासरी आणि शिखर यांतलं अंतर म्हणजे डीआर. ‘डेथ मॅग्नेटिक’च्या सीडीला ते ३ येतं. हे फारच कमी आहे, मेटलच्या जुन्या सीडींना ते दोन आकडी सहज येतं. पण विनाइल तबकडीवरून घेतलेल्या फाइलला डीआर जास्त दिसतो, म्हणून ‘विनाइल सुटलं’ असं लगेच म्हणू नये. तबकडी कापताना आणि वाजवताना लाटेच्या घटकांची वेळ मागेपुढे सरकते, सपाट पठार तिरकं होतं आणि मापाला ते शिखर वाटतं. फाटलेला आवाज तसाच असतो. वाढलेल्या आकड्यावर विसंबून महागडी तबकडी घेऊन पस्तावलेले चाहते पुष्कळ आहेत.

मोठ्या आवाजाची ही शर्यत ज्यासाठी होती, ते कारणही आता उरलेलं नाही. ध्वनीची पातळी मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ मध्ये आली आणि आज स्पॉटिफाय, ती सोय बंद केली नसेल तर, सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) पातळीला आणून ठेवतं. दाबून मोठं केलेलं गाणं तिथे गुपचूप खाली घेतलं जातं. मोठेपणा जातो, छाटलेली शिखरं राहतात.

चाहत्यांनी कानाने पकडलेली ही काही एकच गोष्ट नव्हे. याच बँडच्या १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये जेसन न्यूस्टेड यांचा बेस जवळजवळ ऐकू येत नाही, हे चाहते तेव्हापासून सांगत आले, आणि पुढे त्यांनी बेस वर आणलेल्या आवृत्त्या स्वतः तयार केल्या. अशा आवृत्त्या अधिकृत नाहीत, त्या शोधा असं मी सांगणार नाही. पण बेसच्या रेषेविना त्या गाण्यांत काय हरवलं, हे त्यांनी ऐकवून दाखवलं.

म्हणून विनंती अशी, की आपल्या परीक्षणांत अल्बम कशावर ऐकला, सीडीवर, तबकडीवर की मोबाइलवर, हे एका ओळीत छापावं. मोबाइलवर ऐकला असेल तर पातळी सारखी ठेवण्याची सोय चालू होती की बंद, आणि इक्वलायझर (खर्ज-तार कमीजास्त करायची सोय) बंद केला होता का, तेही लिहावं. गाण्यांबद्दलचं मत आणि ध्वनीबद्दलचं मत वेगळ्या परिच्छेदांत द्यावं. चाहते चिडले अशी बातमी करायची असेल तर नेमकं कुठल्या गाण्यात, कितव्या मिनिटाला, कशावर, हे त्यांना विचारावं. ते मिनिट आणि सेकंदासह सांगतील.

आपला,
एक वाचक
ठाणे