सोमकुवरांची कुमुद कुठल्या कपाटात आहे? मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मराठी भाषा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सविनय जय भीम.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या उत्तर नागपुरातही पेढे वाटले. मीही खाल्ला. पण त्यानंतर एका मराठी पुस्तकापायी जी पायपीट झाली, ती आपल्या कानावर घालते.

पुस्तक कुमुद पावडे यांचं, १९८१ सालचं ‘अंतःस्फोट’. कुमुदताई माहेरच्या सोमकुवर, दलित घरातल्या. ज्या भाषेपासून त्यांच्या वाडवडलांना हाकलून लावलं, त्याच संस्कृतात त्यांनी एम.ए. केलं. नोकरी मिळेना. पुढे आंतरजातीय लग्न झालं, आडनाव बदललं आणि काही महिन्यांत सरकारी कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी लागली. या नोकरीचं श्रेय ‘पावडे’ या आडनावाचं, सोमकुवर वंचितच राहिली, अशा अर्थाचं त्यांनीच लिहून ठेवलंय. आवाज न चढवता. म्हणूनच ते जास्त झोंबतं.

मी शिकवणीच्या मुलींना हे सांगितलं. एक पोरगी म्हणाली, “पण मॅडम, ज्या सोमकुवरचं असं लग्नच झालं नाही, तिचं काय?” मी म्हटलं, पुस्तकच आणते.

एका ग्रंथालयात नोंदवहीत नाव होतं, कपाटात पुस्तक नव्हतं. दुसरीकडे बोट दाखवलं, “दलित साहित्य तिकडे.” तिकडे म्हणजे जिन्याखाली. आत्मचरित्रांची कपाटं मात्र खिडकीजवळ, उजेडात. संस्कृतच्या प्राध्यापिकेचं आत्मकथन त्यांत का बसत नाही, असं विचारलं तर तिथला माणूस ओशाळला. बिचाऱ्याचा दोष नाही. ती मांडणी त्याच्या आधीची. तुमच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असं म्हणत १८८५ साली महात्मा फुल्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण का नाकारलं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

दलित चळवळीतले जुने कार्यकर्ते आणि पत्रकार किसन फागुजी बनसोडे तर मोहप्याचे, आमच्याच नागपूर जिल्ह्यातले. ‘मजूर पत्रिका’ आणि ‘चोखामेळा’ ही पत्रं त्यांनी काढली. माझ्या एकाही विद्यार्थिनीने त्यांचं नाव ऐकलेलं नव्हतं.

साहित्य आणि संस्कृती मंडळ आपल्या विभागाखाली येतं. ‘अंतःस्फोट’ची स्वस्त आवृत्ती त्याने काढावी, हक्क ज्यांचे असतील त्यांना रीतसर विचारून. बनसोड्यांचे जे अंक हाती लागतील ते स्कॅन करून सर्वांना खुले करावेत. आणि जिन्याखालची पुस्तकं वर आणा. ग्रंथालयं उच्च शिक्षण खात्याकडे आहेत, हे ठाऊक आहे. पण दोन्ही खात्यांचे मंत्री बसतात एकाच मंत्रिमंडळात ना?

खप होणार नाही, असं कुणी फाइलीवर लिहील. त्या साहेबांना दसऱ्याला दीक्षाभूमीवर पाठवा. रात्रभर प्रवास करून आलेल्या बायका पिशवीतली भाकरी संपवून तिच्या जागी पुस्तकं भरतात.

‘अंतःस्फोट’ची प्रत अखेर इथल्याच इंदोरा वस्तीतल्या एका मैत्रिणीच्या ट्रंकेत सापडली. शिवण उसवलेली. सध्या ती तिसऱ्या मुलीकडे आहे, चौथी रोज विचारते.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, नागपूर