ॲल्युमिनियमचे ओझे खाणीपुरते नाही

महोदय,

‘कच्चा माल जिथे, कारखाना तिथे’ हे भूगोलातले सूत्र आपण पाठ केलेले असते. त्यामुळे ॲल्युमिनियमचा विषय निघाला की सगळा रोख बॉक्साइटच्या खाणीवर जातो. खाणीने डोंगरमाथा बोडका होतो, हे खरेच. पण या धातूचे मोठे ओझे खाणीपुढच्या दोन टप्प्यांत आहे, आणि ते टप्पे कित्येकदा एका देशातही नसतात.

साधारण 4 ते 5 टन बॉक्साइटपासून 2 टन ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) आणि त्यातून 1 टन धातू मिळतो. पहिला टप्पा ॲल्युमिना काढणाऱ्या रिफायनरीचा. बॉक्साइट दळून गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवतात, गाळ वेगळा करतात, द्रावणातून हायड्रेट (पाणी धरलेला ॲल्युमिना) खाली बसवतात आणि ते हजारेक अंशांवर भाजतात. वजन इथेच निम्म्याहून खाली येते, म्हणून ही रिफायनरी खाणीजवळ परवडते. मागे उरतो तो लाल गाळ, दर टन ॲल्युमिनामागे सुमारे 1 ते 1.5 टन. त्याचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा आणि दाहकता शिल्लक सोड्याची. हा गाळ पातळ चिखलाच्या रूपात तलावात साठवला की सगळी भिस्त बांधावर. हंगेरीत आयका येथे 4 ऑक्टोबर 2010 रोजी असाच बांध फुटला. 10 माणसे गेली आणि मार्कल नदीतले जीवन संपले. फिल्टर प्रेसमध्ये पाणी पिळून गाळ जवळपास कोरडा रचला तर हा धोका बराच घटतो, सोडाही काही प्रमाणात परत मिळतो. मात्र ढीग उघडा ठेवला तर धूळ उडते. तो झाकावा किंवा ओलसर ठेवावा लागतो.

दुसरा टप्पा विजेचा. सुमारे 950 अंशांवर वितळलेल्या क्रायोलाइट या फ्लोरिनयुक्त क्षारामध्ये ॲल्युमिना विरघळवून त्यातून वीजप्रवाह सोडतात. एक टन धातूला 13 ते 15 हजार युनिट लागतात. म्हणूनच बॉक्साइटचा खडाही नसलेला आइसलँड जहाजाने ॲल्युमिना आणून धातू बनवतो: तिथे जलविद्युत आणि भूगर्भीय वाफेची वीज आहे. कोळशाच्या विजेवर हेच काम केले तर नुसत्या विजेपोटी टनामागे बारा-चौदा टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. धातू तोच, चकाकी तीच. (‘हिरवे ॲल्युमिनियम’ अशी जाहिरात दिसली की आधी वीज कुठली ते विचारावे.)

या भट्ट्यांना, म्हणजे पॉटना, वीज अखंड लागते. चार-पाच तास ती गेली तर आतला रस गोठतो आणि पॉट फोडून काढायची वेळ येते. त्यामुळे केवळ सौर किंवा पवन विजेवर, साठवणुकीची सोय नसताना, असा कारखाना चालवू म्हणणाऱ्यांनी रात्रीचे काय ते आधी सांगावे. दुसरी गोम अशी की रसातला ॲल्युमिना 2 टक्क्यांच्या आसपास खाली उतरला की चार-साडेचार व्होल्टचा दाब एकदम तीसच्या वर उसळतो आणि कार्बन टेट्राफ्लोराइड सुटतो. हा तापमानवाढ करणारा वायू वातावरणात हजारो वर्षे टिकतो. उपाय साधा आहे: ॲल्युमिना एकदम न ओतता थोडाथोडा, सतत घालणे.

भंगार वितळवायला मूळ धातूच्या विजेच्या जेमतेम 5 टक्के ऊर्जा पुरते. पण ‘पुनर्वापर करा’ एवढे म्हणून भागत नाही. इंजिनाच्या ओतकामात सिलिकॉन भरपूर असते. त्याचा रस डब्याच्या पत्र्याला चालत नाही. डब्याचे अंग आणि झाकणही वेगवेगळ्या मिश्रधातूंचे, झाकणात मॅग्नेशियम जास्त. एखादा लोखंडी स्क्रू भंगारात राहिला तर त्यातले लोह रसात उतरते, आणि ते पुन्हा बाहेर काढणे जवळपास अशक्य. मग शुद्ध धातू ओतून ते पातळ करावे लागते. म्हणून निवड करायची ती भट्टीपूर्वी: आधी चुंबक, मग प्रकारवार ढीग, आणि रंग-प्लास्टिक काढूनच भट्टी.

– एक वाचक