कॉफीच्या भांड्याचा व्हॉल्व्ह बुजवू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गॅसवर कॉफी करायच्या भांड्याबद्दल, म्हणजे मोका पॉटबद्दल, एक चौकट छापून आली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रानं या भांड्याची दखल घेतली याचं बरं वाटलं. पण वाचता वाचता दोन ठिकाणी थबकलो. एके ठिकाणी लिहिलंय, पूड चमच्याच्या पाठीनं दाबून गच्च भरा. दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय, भांडं चमकावं म्हणून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. पहिली तर धोक्याची आहे. चौकट जेवढी होती तेवढ्याच जागेत दुरुस्ती छापावी, अशी विनंती करायला हे पत्र लिहितोय. ते लांबलं तर कात्री लावा, पण व्हॉल्व्हचा भाग ठेवा.

मी लातूरला गंजगोलाई बाजाराच्या मागच्या बोळात छत्तीस वर्षं कुकर, स्टोव्ह आणि गॅस शेगड्या दुरुस्त करतोय. शिक्षण दहावी. कॉफीची चव सांगणारा मी कोण? आमच्या घरात कॉफी म्हणजे मोठा पाहुणा आला की दुधात उकळून, वर जायफळ किसून द्यायची चीज. पण दाब कशाला म्हणतात ते मला कळतं. आणि हे भांडं सगळं दाबावर चालतं.

पहिला मोका पॉट माझ्या टेबलावर आला त्याला सात वर्षं झाली. एका डॉक्टरबाईंनी आणला. म्हणाल्या, "काका, हे बाजूनं गळायलंय. वर काहीच येईना." मी उलटसुलट करून पाहिला. आठ पैलूंचं भांडं, मधे आटे, वरच्या अर्ध्याला चोच आणि झाकण, खालच्या अर्ध्याला पितळी बोंड, म्हणजे व्हॉल्व्ह. बाई सांगायला लागल्या, तोवर मी उघडून खाली पाणी, मधे गाळणी, वर नळी असं सगळं मांडून ठेवलं होतं. हसलो. म्हटलं, "बाई, हा तर पंपाचा स्टोव्ह आहे."

ज्यांनी पंपाचा स्टोव्ह पाहिलाय त्यांना दुसरं काही समजवायची गरज नाही. स्टोव्हच्या टाकीत आपण पंप मारून हवा कोंबतो. ती हवा रॉकेलच्या डोक्यावर बसते आणि रॉकेल नळीतून वर बर्नरला चढतं. मोका पॉटमध्ये पंप नाही, पंपाचं काम आग करते. खालच्या भांड्यात पाण्याच्या वर थोडी हवा राहते. ती तापून फुगते, तिच्यात वाफ मिसळते, आणि दोघी मिळून पाण्याला खाली रेटतात. पाण्याला वाट एकच, गाळणीच्या पोकळ दांड्यातून वर. वाटेत कॉफीची पूड भेटते, तिच्यातून ते पाणी कॉफी होऊन मधल्या नळीनं वरच्या भांड्यात उतरतं. बस्स. स्टोव्हची कडी ढिली राहिली की कितीही पंप मारा, रॉकेल चढत नाही. तसंच इथं. दोन अर्ध्यांच्या मधली रबरी रिंग कडक झाली, नाहीतर रिंगेखाली पुडीचे चार कण राहिले, की हवा आट्यांतून निसटते आणि पाणी खालीच उकळत बसतं. डॉक्टरबाईंची तक्रार तेवढीच होती. रिंग दगडासारखी झाली होती.

इथं माझी स्वतःची चूक सांगतो. रिंग मिळेना म्हणून मी सायकलच्या ट्यूबची कापून घातली. बसली चपखल, गळती थांबली. बाई दुसऱ्या दिवशी परत आल्या. म्हणाल्या, "काका, कॉफी झाली, पण पंक्चरच्या दुकानात बसून पिल्यासारखी वाटली." पैसे परत केले. खाण्यापिण्याच्या भांड्याला सिलिकॉनची नाहीतर त्या भांड्यासाठी बनवलेलीच रिंग लागते. आता मी मागवून ठेवतो. मापं वेगवेगळी असतात, म्हणून येताना जुनी रिंग नाहीतर भांडंच घेऊन यावं, फोनवर "तीन कपाची द्या" म्हणून भागत नाही.

'तीन कप' यावरूनही भांडणं होतात. भांड्यावर तीन कप लिहिलेलं असतं आणि निघते जेमतेम एक कपबशी. यात कोणी फसवलेलं नसतं. इटलीतला कॉफीचा कप पन्नास मिलीच्या आसपासचा, आपल्या लहान वाटीएवढासुद्धा नाही. म्हणून तीन कपाच्या भांड्यात दीडशे मिली धरा. आणि तीन कपाच्या भांड्यात एकाच कपाचं पाणी आणि अर्धी गाळणी पूड घालून काटकसर करू नये. पाणी वाट सोपी बघून एका बाजूनं पळतं आणि कॉफी पचपचीत होते. भांडं लहान घ्यावं, पण पूर्ण भरावं.

आता दाबण्याचं. हॉटेलातल्या मोठ्या एस्प्रेसो यंत्रात पूड दाबतात, कारण ते यंत्र नऊ बारच्या दाबानं पाणी ढकलतं (बार हे दाब मोजायचं माप). आपल्या या भांड्यात दाब एक-दीड बारचा. तो दाबलेल्या पुडीला भेदू शकत नाही. पूड काठोकाठ भरायची, बोटानं वरून सारखी करायची, भांड्याच्या कडेवर सांडलेली पुसून घ्यायची. दाबायची नाही. पूड बारीक रव्यासारखी असावी, मैद्यासारखी नको. आणि दुकानदाराला विचारून घ्यावं, चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड, किती. आपल्याकडं मिळणाऱ्या फिल्टर कॉफीच्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा चिकोरी असते. ती दक्षिणेकडच्या दोन मजली फिल्टरमध्ये छान चालते, कारण तिथं पाणी आपल्या वजनानं थेंबथेंब खाली उतरतं, घाई नाही. इथं पाणी खालून वर रेटलं जातं आणि चिकोरीचा चिकट लगदा गाळणी तुंबवतो. इन्स्टंट पावडर तर यात घालूच नये. ती विरघळूनच जाणार, गाळायला उरतंय काय?

गाळणी तुंबली तर दाब कुठं जाणार? त्यासाठीच ते पितळी बोंड. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं जे काम, तेच याचं. पाणी नेहमी या व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच भरायचं. व्हॉल्व्ह पाण्यात बुडाला तर वाफेऐवजी उकळतं पाणी बाहेर फेकेल. वाफ तिथून फुसफुसली तर ते भांडं बिघडल्याचं नव्हे, वाचवल्याचं लक्षण. गॅस बंद करायचा, गार होऊ द्यायचं, मग उघडून बघायचं की पूड फार बारीक होती की गाळणी तुंबली.

एका पोरानं मात्र उलटंच केलं. लातूरला शिकवणीला आलेला, बारावीचा. खोलीत तिघं जण, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अभ्यास, छोट्या सिलिंडरवर कॉफी. भांडं माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "काका, वाफ लीक व्हायली होती, मी बंद केली. पण आता कॉफी लई हळू यायलीय." बघतो तर व्हॉल्व्हवर एम-सीलचा सुपारीएवढा गोळा थापलेला! आत पूड मैद्यासारखी, चिकोरीची, आणि दाबून दाबून वीट केलेली. म्हणजे पुढची वाट बंद, मागची खिडकीही बंद, खाली जाळ मोठा. त्या खोलीत तिघं रात्री त्याच्याकडे तोंड करून बसायचे. मला आधी राग आला, मग घाम फुटला. ते भांडं मी त्याला परत दिलं नाही. त्याच्या बापाला फोन लावून दिला आणि नवं घ्यायला लावलं. आपली चौकट वाचून कोणी गच्च दाबायला लागेल आणि फुसफुस झाली की बुजवायला जाईल, अशी भीती मला वाटली ती उगाच नाही.

याच्या अगदी उलट एक निलंग्याकडच्या मावशी. मुलानं पुण्याहून भांडं आणून दिलं, म्हणाला यात कॉफी होते. मावशींनी खालच्या भांड्यात दूध, साखर आणि जायफळ सगळं घातलं. त्यांची काय चूक? कॉफी अशीच होते की आपल्याकडं! दूध वर थोडं चढलं, बाकी खाली आटत बसलं. माझ्याकडं आलं तेव्हा तळाला खवा आणि व्हॉल्व्हमध्येही खवा. सुईनं व्हॉल्व्ह टोकरला तर आतली स्प्रिंग वाकते, म्हणून कोमट पाण्यात भिजवत, हलवत, दोन दिवस गेले. खाली फक्त पाणी, मावशी. दूध वेगळं तापवून नंतर मिसळा. जायफळ हवंच असेल तर तेही नंतर, कपात.

धुण्याचं म्हणाल तर हे भांडं ज्या धातूचं असतं त्याला आमच्याकडं जर्मन म्हणतात, म्हणजे ॲल्युमिनियम. भांडं इटलीचं, धातू जर्मनचा! आल्फोन्सो बियालेत्ती नावाच्या ॲल्युमिनियमच्या कारागिरानं उत्तर इटलीतल्या क्रुझिनालो गावात १९३३ साली हे काढलं. मोका हे नाव येमेनच्या मोखा बंदरावरून. त्याच बंदरातून सूफी संत बाबा बुडान यांनी कॉफीच्या सात बिया चिकमंगळूरच्या डोंगरात आणल्या अशी कथा आहे, म्हणजे हे नाव आपल्या शेजारच्या कर्नाटकाला परकं नाही. बियालेत्तींचा मुलगा रेनातो यानं हे भांडं जगभर नेलं. तो २०१६ साली वारला तेव्हा त्याच्या अस्थी अशाच एका मोठ्या भांड्यात ठेवल्या, हे डॉक्टरबाईंनी मला मोबाईलवर दाखवलं. त्याच साली दुष्काळात आम्ही लातूरकर मिरजेहून येणाऱ्या पाण्याच्या रेल्वेकडं डोळे लावून बसलो होतो, म्हणून साल लक्षात राहिलं.

तर, जर्मनच्या भांड्याला धुण्याचा सोडा लागला की सोडा धातूच खातो. बारीक बुडबुडे येतात, लोकांना वाटतं मळ निघतोय. निघतो तो भांड्याचा कातडा. भांडं काळपट, खडबडीत होतं आणि कॉफीला धातूची चव येते. राख, काथ्या, तारेची घासणी, तीच गत. रोज नुसत्या गरम पाण्यानं धुवा, हातानं चोळा, पुसून सगळे भाग सुटे ठेवून वाळवा. साबणाचा एखादा थेंब लागला म्हणून काही बिघडत नाही, नीट खंगाळलं म्हणजे झालं; इटलीवाले साबणाला फार घाबरतात, मी नाही. पण ओलं भांडं घट्ट आवळून फडताळात ठेवू नका. आत कुबट वास धरतो आणि रिंगही आवळलेलीच राहून लवकर मरते.

आमच्या भागात खरा शत्रू सोडाही नाही, पाणी आहे. बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर बसतो तोच या भांड्याच्या दांड्यात आणि व्हॉल्व्हमध्ये बसतो. पुण्याची माणसं हे भांडं पाच वर्षं बघत नाहीत, आमच्याकडं सहा महिन्यांत दांडा अर्धा बुजलेला. म्हणून कॉफीला पिण्याच्या जारचं नाहीतर आरओचं पाणी घ्यावं. थर बसलाच तर पाण्यात एका लिंबाचा रस पिळून, पूड न घालता ते पाणी एकदा वर चढवावं, ओतून द्यावं, मग साध्या पाण्यानं दोनदा तसंच करावं. आंबट पाणी भांड्यात रात्रभर ठेवू नये, तेही जर्मनला सोसत नाही.

जाळाचं थोडक्यात. भांड्याचं बूड लहान, आपल्या शेगडीचा चौक मोठा, त्यामुळं ते कलंडतं आणि ज्वाळा बाजूनं वर येऊन भांडं धरायची दांडी वितळवते. महिन्याला दोन-तीन वितळलेल्या दांड्या माझ्याकडं येतात. वांगं भाजायची लोखंडी जाळी शेगडीवर ठेवा, तिच्यावर भांडं, लहान बर्नर, जाळ बुडाच्या बाहेर डोकावता कामा नये. कॉफी मधासारखी संथ यायला हवी. रंग फिका पडून खदखद आवाज सुरू झाला की खाली वाफच उरली समजा. त्याच्या आधी उतरवा, नाहीतर सगळी जळकट लागते. आवळताना दांडी धरून पिळू नका, दांडी तुटते. आठ पैलू धरायला दिलेत. कोणी सांगतात खाली आधीच गरम पाणी घालावं म्हणजे पूड भाजत नाही. चांगलं आहे, पण लातूरला एप्रिल-मेमध्ये तो खटाटोप कशाला, जारही तोवर कोमटच झालेला असतो.

त्या पोराचं एम-सीलवालं भांडं मी दुकानात दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेवलंय. हे असं कशाला लटकवलंय, असं येणारा प्रत्येक जण विचारतो आणि मला पुन्हा सगळं सांगावं लागतं. आपल्या पुरवणीला फोटो हवा असेल तर माणूस पाठवा. गुरुवारी दुकान बंद असतं.

आपला नियमित वाचक,
कुकर-स्टोव्ह दुरुस्तीवाला,
गंजगोलाई परिसर, लातूर
(कृपया नाव छापू नये.)