उशीर चालेल, पण खोटं सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी सकाळी आसनगावच्या फलाटावर माझ्याकडून एक चूक झाली. ती सांगावी म्हणून हे पत्र.

डोळखांबच्या बाजूच्या एका पाड्यावरून एक बाई रानभाजी घेऊन दादरला येते. अंधारातच जीप पकडून ती स्टेशन गाठते आणि लगेजच्या डब्यात चढते. पाटीत त्या दिवशी करटुली होती, वर कुर्डूच्या जुड्या. तिला वाचता येत नाही. इंडिकेटरकडे बोट दाखवून तिनं विचारलं, ‘ताय, काय लिवलंय?’ मी वाचून सांगितलं, दोन मिनिटं. तिनं पाटी उचलून डोक्यावर घेतली. पाच-सात मिनिटांनी ती खाली ठेवून पुन्हा विचारलं. इंडिकेटरवर अजूनही दोनच मिनिटं होती, मी तेच सांगितलं. मधल्या काळात एक मेल धडधडत गेली, मग दुसरी गेली. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती हसून म्हणाली, ‘ताय, तुजी दोन मिन्टं लय लांबडी हायेत.’ पंचवीस मिनिटांनी उद्घोषणा झाली की तांत्रिक कारणामुळे आमची गाडी रद्द. गैरसोयीबद्दल दिलगीर असल्याचं अर्थातच तीन भाषांत ऐकवण्यात आलं.

तोवर कल्याणला जाणारी जीप सुटून गेली होती. पहिल्याच वेळी मी तिला ‘मला माहीत नाही’ असं म्हटलं असतं, तर ती त्या जीपने गेली असती. मी वाचून दाखवलं म्हणून ती थांबली. मला लेट मार्क लागतो. तिच्या भाजीला तो लागत नाही, ती सुकते आणि दहा वाजता दादरला निम्म्या भावात द्यावी लागते.

मी दादरच्या एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. यंत्रावर अंगठा साडेआठच्या आत उमटला नाही तर लेट मार्क, आणि असे तीन झाले की अर्ध्या दिवसाची रजा. या लाइनवर मला वीसेक वर्षं झाली. गाडीला उशीर का होतो हे मला रेल्वेने समजावून सांगायची गरज नाही. आमच्या डब्यातली कुठलीही बाई मटार सोलता सोलता ते सांगेल. कल्याणपर्यंत रुळांच्या जोड्या मुबलक आहेत. कल्याणला लाइन फुटते. एक फाटा कर्जतकडे जातो, दुसरा कसाऱ्याकडे. कसाऱ्याच्या फाट्यावर येणारी एक आणि जाणारी एक, एवढेच दोन मार्ग. त्यावरूनच उत्तरेकडच्या मेल-एक्स्प्रेस, त्यावरूनच मालगाड्या आणि उरलेल्या फटीतून आम्ही. कसाऱ्याच्या पुढे घाट आहे, दर सदतीस फुटांना एक फूट चढ. वर जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिनं (बँकर) लावावी लागतात, त्यात वेळ जातो आणि त्यामागे बाकीच्या गाड्यांची रांग लागते. रात्री तीन तास रखडलेली लांब पल्ल्याची गाडी घाट उतरते ती नेमकी आमच्या ऑफिसच्या वेळेला. मग लोकल बाजूला उभी राहते आणि मेल पुढे जाते. त्या मेलमधले लोक दोन रात्री बसून आलेले असतात, त्यांचा राग मला येत नाही. पुढे दिव्याचं फाटक आहे, ते रस्त्यासाठी उघडलं की गाड्या थांबतात. कधी कुणी साखळी ओढतं. रूळ ओलांडणारे आमच्यातलेच असतात, दाराला लोंबकळून हवा खाणारेही आमचेच भाऊ. सगळं खापर रेल्वेवर फोडायचं नाही, एवढं मला कळतं.

फरक इतकाच की ठाण्याच्या माणसाची एक गाडी गेली तर चार-पाच मिनिटांत दुसरी येते. आमची गेली की पुढची कधी पाऊण तासाने, कधी त्याहून उशिरा. म्हणून ‘गाडी दोन मिनिटांत येतेय’ या वाक्याचा अर्थ घाटकोपरला वेगळा आणि आसनगावला वेगळा. आमच्या अख्ख्या सकाळीचा निर्णय त्यावर असतो. थांबायचं, जीपने कल्याण गाठायचं, महामार्गावर जाऊन नाशिककडून येणाऱ्या एसटीला हात करायचा, की सरळ घरी जाऊन रजा टाकायची? खरी माहिती मिळाली तर माणूस काहीतरी ठरवतो. खोटी मिळाली तर तो फलाटावर नुसता उभा राहतो.

माहिती नसते, असंही नाही. आम्ही जिथे उभे असतो, तिथून चार स्टेशनं मागे गाडी कुठे अडकली आहे हे रेल्वेच्या कंट्रोल रूमला दिसत असतं. ते दिसल्याशिवाय मेल पुढे काढायचा निर्णय होणारच नाही. लोकल नेमकी कुठे आहे हे जीपीएसने मोबाइलवर दाखवण्याची सोय २०२२ मध्ये आली. मग जे फोनला कळतं ते फलाटावरच्या भोंग्याला का कळू नये? आणि ज्या बाईकडे तसा फोन नाही, तिनं माझ्यासारखीच्या वाचनावर विसंबायचं?

दिव्याला २०१५ च्या जानेवारीत काय झालं ते वाचकांना आठवत असेल. तांत्रिक बिघाडाने गाड्या रखडल्या, लोक रुळांवर उतरले, दगडफेक झाली आणि लाइन कित्येक तास बंद पडली. दगड मारणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, त्या दिवशी माझ्यासारखे हजारो लोक मध्येच लटकले होते. पण लोक उशिरामुळे भडकतात, यावर माझा विश्वास नाही. उशीर आम्ही रोज गिळतो. माणूस भडकतो तो तासभर कुणीच काही सांगत नाही तेव्हा, किंवा सांगितलेलं तिसऱ्यांदा खोटं निघतं तेव्हा.

आता थोडं जुनं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली १८५३ मध्ये. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोहोचले, १८६० मध्ये आसनगावला, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीला. कुदळ-फावडी आणि सुरुंगाची दारू, एवढ्या सामानावर. कल्याण-कसारा तिसरी मार्गिका दहा वर्षांहून जास्त काळ ‘प्रगतिपथावर’ आहे. जमीन, जंगल, पूल अशी कारणं सांगतात आणि ती खोटी नसतील. पण आमच्या गाडीत तिसऱ्या मार्गिकेचा विषय निघाला की हल्ली लोक हसतात. पुढे २०१९ मध्ये एमयूटीपी ३-अ हा मुंबईच्या लोकलसाठीचा प्रकल्प मंजूर झाला, त्यात आसनगावपर्यंत चौथी मार्गिकाही आहे आणि कल्याण-बदलापूर तिसरी-चौथीही. म्हणजे आम्हाला तिसरी मिळायच्या आत कागदावर चौथीही आली. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तोही आमच्या तालुक्यातून जातो. नागपूर जवळ आलं याचा आनंद आहे. आम्हाला जायचंय दादरला.

मुंबईला पाणी पुरवणारी भातसा, तानसा आमच्या शहापूर तालुक्यातली. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईकर पितायत आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर फिरतात. हा विषय वेगळा आहे, त्यावर कधीतरी वेगळं पत्र लिहीन. पण गाडी रद्द झालेल्या सकाळी डब्यातली एक तरी बाई म्हणतेच, ‘आपलं पाणी बघा कसं वेळेवर पोचतं!’

आम्ही इतक्या लांब का राहतो, असं विचारणारे दादरला भेटतात. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर आमच्या चाळीतली बिऱ्हाडं एकेक करत उठली. कुणी डोंबिवलीला, कुणी बदलापूरला, आम्ही टिटवाळ्याच्याही पुढे. नोकऱ्या मात्र शहरातच राहिल्या. आता गिरणी कामगारांच्या वारसांना कर्जतच्या फाट्यावर शेलू-वांगणीला घरं द्यायचं चाललं आहे आणि कामगार म्हणतात आम्हाला मुंबईतच हवीत. जुलै २०२५ मध्ये ते आझाद मैदानावर बसले होते. त्यांना हट्टी म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी सातच्या सुमारास वांगणीहून गाडी पकडून बघावी आणि उभं राहायला कुठे जागा मिळाली ते आम्हाला कळवावं.

गर्दी विभागावी म्हणून शहरातल्या शेकडो कार्यालयांना वेळा बदलायची विनंतीपत्रं गेल्याचं वाचलं. आमच्या शाळेची घंटा वाजते तेव्हाच वाजणार. पण वेळा बदलल्या तरी एक गाडी रद्द झाली की तिची माणसं हवेत विरत नाहीत, पुढच्या गाडीच्या दारात येतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्यात किमान चार जीव गेले. त्यानंतर नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवू, असं जाहीर झालं. बसवा. मात्र दार बंद झाल्यावर जे बाहेर राहतील त्यांना पुढची गाडी नक्की कधी, हे खरं सांगणारा कुणीतरी त्या फलाटावर लागेल.

माझ्या मागण्या फार नाहीत. गाडी कुठे आहे हे ठाऊक नसेल तर इंडिकेटर कोरा ठेवा, दोन मिनिटं दाखवू नका. कोरी पाटी आम्हाला चालेल. गाडी रद्द करायचा निर्णय झाल्या क्षणी तो फलाटावर सांगा, ती यायची वेळ टळून गेल्यावर नाही. ‘तांत्रिक कारण’ म्हणजे काय तेही सांगा. ओव्हरहेड वायर तुटली असेल तर आम्हाला कळतं की आज तासाभरात काही होत नाही. सिग्नलचा बिघाड असेल तर थांबण्यात अर्थ असतो. मालगाडीचं इंजिन बंद पडलं असेल तर घरी जाऊन चहा घेता येतो.

दुसरं असं. आरक्षित तिकिटाच्या गाडीला तीन तासांपेक्षा जास्त उशीर झाला आणि प्रवास केला नाही, तर पूर्ण पैसे परत मागता येतात. पासवाल्याला असं काही नाही, आणि मला पैसे नकोतही. गाडी अमुक इतकी मिनिटं उशिरा आली किंवा रद्द झाली, एवढा शिक्क्याचा कागद स्टेशनवर मागितल्यावर मिळावा, म्हणजे मुख्याध्यापकांपुढे ठेवता येईल. आणि वक्तशीरपणाची जी टक्केवारी छापून येते, तिच्यात रद्द झालेली गाडी कुठे धरतात तेही एकदा छापा. रोज अठराशेच्या आसपास फेऱ्या चालवणाऱ्यांना कल्याणपलीकडच्या फेऱ्यांचा हिशेब वेगळा मांडणं जड जाऊ नये.

मंगळवारनंतर ती बाई मला दोनदा भेटली. आता ती मला विचारत नाही. फलाटाच्या कल्याणकडच्या टोकाला जाऊन उभी राहते आणि सिग्नलकडे बघते. लाल गेला की पाटी डोक्यावर घेते. कधी मेलच निघून जाते, मग पाटी पुन्हा खाली ठेवावी लागते.

आपली,
एक पासधारक,
आसनगाव